दुसरा रांजण

डिंगोऱ्यातून कल्याण-नगर रस्त्याने पश्चिमेला निघालं आणि मढ मागे पडलं, की माळशेजचा घाट लागतो. जुन्नर तालुक्याची कोकणात उतरायची आजची वाट ही. जुनी वाट इथून नैर्ऋत्येला, नाणेघाटाची. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून त्या घाटाने जुन्नरला चढायचा. घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण अजून उभा आहे. व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत आणि मग पुढे सोडले जात, असं इकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

आता समजा, एखाद्या हुशार टोळीने दोन वळणं अलीकडे तस्साच दुसरा रांजण मांडला असता. शेजारी तसाच पागोटंवाला माणूस बसवला असता, आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला, जकात न घेताच, ‘जा, तुला परवानगी आहे’ म्हणत सुटला असता. राजाच्या खजिन्याला कुणी हात लावला नाही, पहाऱ्यावरचा शिपाई झोपला नाही, कुलूप फुटलं नाही. तरी राज्य लुटलं गेलं असतं, आणि राजाच्या वहीत त्याची ओळही उमटली नसती.

११ ऑगस्ट २०१८ या दिवशी पुण्यातल्या कॉसमॉस सहकारी बँकेत जे घडलं, त्याचं याहून सोपं वर्णन मला सुचत नाही. दोन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. तिजोरी मात्र जशीच्या तशी बंद होती.

ही गोष्ट नीट कळायची तर थोडं मागे जावं लागेल. डिंगोरे-उदापूर पट्ट्यातला कांदा ओतूरच्या बाजारात जातो. पूर्वी आडत्याकडून पट्टी घ्यायची, नोटा मोजायच्या, बंडीच्या आतल्या खिशात घालायच्या आणि एसटीत खिशावर हात ठेवून घरी यायचं. पैसा म्हणजे हाताला लागणारी वस्तू होती, आणि चोर म्हणजे खिशापर्यंत पोचलेला माणूस. बँक होती, पण बँक म्हणजे एक विशिष्ट शाखा. खातं त्या शाखेच्या जाड खतावणीत असायचं आणि ती खतावणी एका कपाटात. तालुका बदलला तर तुमचं खातं तुमच्या मदतीला येत नसे.

महाराष्ट्रात ही बँक अनेकांच्या बाबतीत सहकारी असायची. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, पुण्यात कॉसमॉसची सुरुवात झाली. शंभर वर्षांत ती देशातल्या सगळ्यांत मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक झाली. तिच्या शाखा महाराष्ट्राबाहेर गेल्या, गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालयाची इमारत उभी राहिली. मोठ्या व्यापारी बँका ज्यांना दारात उभं करत नसत, त्या छोट्या दुकानदाराला, पगारदाराला या बँकांनी कर्ज दिलं. संचालक ओळखीचा, मॅनेजर ओळखीचा, शिपाई तर गल्लीतलाच. सहकाराची सगळी सुरक्षा या ओळखीवर उभी होती. खोटी सही घेऊन आलेल्याला कॅशियर चेहऱ्यावरून पकडायचा.

संगणक आल्यावर चेहरा गेला. कोअर बँकिंगमुळे खातं शाखेच्या कपाटातून निघून मध्यवर्ती संगणकात जाऊन बसलं. पाठोपाठ एटीएम आलं, २०१२ मध्ये रुपे कार्ड आलं, २०१६ च्या नोटाबंदीने उरलेल्यांना या रस्त्यावर ढकललं. लहान बँकांनाही मोठ्या बँकांसारख्या सोयी द्याव्या लागल्या, नाहीतर तरुण खातेदार उठून जात होता. सोयी मोठ्या बँकांच्या, पण त्यांची राखण करायला लागणारी माणसं आणि पैसा लहान बँकेचा. पुढच्या घटनेचं मूळ कारण मला या विषमतेत दिसतं. कुणा एका कर्मचाऱ्याची चूक शोधून ते सापडणार नाही.

एटीएममधून नोट बाहेर येण्याआधी काय होतं, ते इथंच सांगून टाकतो. यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. ते फक्त विचारतं. कार्डाचा नंबर, पिन आणि मागितलेली रक्कम घेऊन एक संदेश निघतो, व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेच्या ‘स्विच’पाशी पोचतो. स्विच म्हणजे बँकेचा जकातनाका. तो हा प्रश्न आत कोअर बँकिंगकडे नेतो: हा माणूस आपला आहे का, पिन बरोबर आहे का, एवढी शिल्लक आहे का? आतून उत्तर येतं, स्विच ते बाहेर पाठवतो, आणि जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातलं यंत्र नोटा मोजायला लागतं. त्या यंत्राच्या मालक बँकेला तुमचं नावगाव कळत नाही. तिला फक्त ‘हो’ ऐकू येतं. नंतर ती त्या ‘हो’च्या आधारे पैसे वसूल करते.

साहजिकच दोन तऱ्हेचे चोर संभवतात. एक, जो ग्राहकाची खूण पटवून ‘हो’ मिळवतो. दुसरा, जो स्वतःच ‘हो’ म्हणायला बसतो.

पहिल्या तऱ्हेचा मोठा नमुना पुण्यानेच २००५ साली पाहिला होता. एमफॅसिस कंपनीच्या पुण्यातल्या कॉल सेंटरमधल्या काही जणांनी सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांशी बोलता बोलता त्यांचे पिन मिळवले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम काढून पुण्यातल्या खात्यांत वळवली. त्यात संगणक फोडण्याचं कसब काहीच नव्हतं. गोड बोलणं होतं आणि चांगली स्मरणशक्ती. बाहेरगावच्या खात्यातून आलेले डॉलर पुण्यात घ्यायला कुणीतरी यायलाच हवं होतं, आणि जे आले ते पकडले गेले. भारतातल्या आउटसोर्सिंगच्या धंद्यावर तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांनी बरीच टीका केली. इकडे त्याचं वर्णन एका म्हणीत व्हायचं: कुंपणानेच शेत खाल्लं.

दुसऱ्या तऱ्हेचा मोठा नमुना दिसला तो दहा-अकरा वर्षांनी. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेतून कुणीतरी ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून न्यूयॉर्कला हुकूम धाडले: आमच्या खात्यातले पैसे अमुक ठिकाणी पाठवा. मागणी जवळपास ९५ कोटी १० लाख डॉलरची होती. मनिलाला ८ कोटी १० लाख गेले. श्रीलंकेकडे निघालेला एक हप्ता ‘फाउंडेशन’ शब्दाचं स्पेलिंग चुकल्याने अडला. या चोरीचं पंचांग पाहण्यासारखं आहे. ढाक्यात सुट्टी शुक्रवार-शनिवार, न्यूयॉर्कला शनिवार-रविवार, आणि मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. एक जण जागा असताना दुसरा झोपलेला, असे सलग चार दिवस निवडले होते. मुहूर्त काढणाऱ्याने तीन देशांची कॅलेंडरं समोर ठेवली होती.

अमेरिकी तपासयंत्रणांनी या चोरीचा माग उत्तर कोरियाच्या सरकारी हॅकरांपर्यंत नेला. सुरक्षा क्षेत्रातले लोक त्यांना ‘लाझारस’ म्हणतात. अणुकार्यक्रमामुळे निर्बंधांत अडकलेल्या त्या देशाला परकीय चलन हवं होतं, आणि जगभरच्या बँका त्याला कुलूप न लावलेल्या कोठारासारख्या दिसत होत्या. मे २०१७ मध्ये जगभर संगणक गोठवणारा ‘वॉनाक्राय’ही त्यांच्याच नावावर मांडला गेला. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ नावाचा वेगळा उत्पात झाला. त्याचा आरोप रशियावर. त्याने मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं बंद पाडलं आणि त्यात आपल्या न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. जुन्नरची निर्यातीची द्राक्षं याच बंदरातून जातात. जून महिना होता, हंगाम आटोपला होता, म्हणून इकडे कुणाला त्याची झळ लागली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या सिटी युनियन बँकेतून स्विफ्टवरून सुमारे २० लाख डॉलर वळवण्याचा प्रयत्न झाला. भारत आता नकाशावर आला होता.

शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८. अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा पाठवला: येत्या काही दिवसांत एखाद्या बँकेची कार्डं वापरून जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी प्रचंड रोकड उपसली जाण्याची शक्यता आहे. ब्रायन क्रेब्स या अमेरिकी पत्रकाराने रविवारी ही बातमी फोडली, तोवर पुण्यातला बहुतेक कार्यभाग उरकला होता.

शनिवार, ११ ऑगस्ट. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी रविवार. वर आषाढी अमावस्या, दिव्यांची. घरोघर दिवे घासून पाटावर मांडलेले, आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार म्हणून मटणाच्या दुकानांपुढे रांगा. अमावस्या चोरांची असं आपल्याकडे म्हणतात, पण इथं काम भरदुपारी सुरू झालं.

बँकेच्या यंत्रणेत चोर त्याआधीच शिरलेले होते. अशा हल्ल्यांची सुरुवात बहुधा एका साध्या ईमेलने होते. कुणीतरी जोडलेली फाइल उघडतो, आत एक बारीक प्रोग्राम बसतो, आणि मग आठवडेच्या आठवडे तो फक्त पाहत राहतो: कोणता संगणक कुणाशी बोलतो, कोणत्या भाषेत बोलतो. घराला पाळत लावतात, तसंच हे. नंतर सायबर सुरक्षेतल्या अभ्यासकांनी जे चित्र जुळवलं ते असं. चोरांनी बँकेच्या खऱ्या स्विचच्या जोडीला आपला एक खोटा स्विच उभा केला आणि स्विच व कोअर बँकिंग यांच्यातला धागा कापला. बाहेरून येणारा प्रश्न आता आत पोचतच नव्हता. पिन बरोबर आहे का? हो. शिल्लक आहे का? हो. रोजची मर्यादा संपली का? नाही, दे. दुसरा रांजण मांडून झाला होता.

बाहेर माणसं तयार होती. खऱ्या ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरून सुमारे साडेचारशे नकली कार्डं बनवलेली होती. काळ्या मॅग्नेटिक पट्टीवरची माहिती दुसऱ्या कुठल्याही कार्डावर उतरवता येते, त्याला फार मोठी विद्या लागत नाही. ही कार्डं घेऊन २८ देशांत माणसं एटीएमपुढे उभी राहिली. काही तासांत व्हिसाच्या जाळ्यातून सुमारे १२ हजार वेळा पैसे निघाले, रक्कम ७८ कोटी. भारतात रुपे कार्डांवरून २ हजार ८४९ वेळा, अडीच कोटी. पुणेकर संध्याकाळी दिवे लावत होते तेव्हा जगाच्या निरनिराळ्या कालपट्ट्यांत कुठं सकाळ होती, कुठं उत्तररात्र, आणि सगळीकडे तीच बँक ‘हो’ म्हणत होती. खुद्द बँकेला मात्र ते ठाऊक नव्हतं. तिच्या मुख्य संगणकात एकाही खात्यातून एक रुपया वजा झालेला नव्हता.

याच तपशिलामुळे पुढे ठेवीदार वाचले. पैसे गेले ते बँकेचे, कुणा खातेदाराचे नाहीत. चोरीच्या पद्धतीतच ती गोष्ट होती: खात्याला विचारलंच नव्हतं, तर खात्यातून काय जाणार?

असामान्य व्यवहार लक्षात आल्यावर व्यवस्था बंद करण्यात आली. रविवार गेला. सोमवारी, १३ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी सकाळी, दुसरं दार उघडलं. बँकेच्या स्विफ्ट यंत्रणेतून हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेत ‘एएलएम ट्रेडिंग लिमिटेड’ नावाच्या कंपनीच्या खात्यावर १३ कोटी ९२ लाख रुपये धाडले गेले. सगळ्या नजरा एटीएमकडे लागलेल्या असताना. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत थंड डोक्याचं काम हे वाटतं. एखाद्या वस्तीत वरच्या आळीला आग लावावी आणि लोक पाणी घेऊन धावले की खालच्या आळीतलं घर फोडावं, तसं.

मंगळवारी, १४ तारखेला, चतुःशृंगी पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. बँकेचे अध्यक्ष मिलिंद काळे पत्रकारांपुढे आले. हल्ला व्यवहारांच्या मधल्या यंत्रणेवर झाला आहे, ग्राहकांची खाती आणि ठेवी सुरक्षित आहेत, असं त्यांनी सांगितलं. बँकेने एटीएम आणि नेट बँकिंग काही काळ बंद ठेवलं. १५ ऑगस्टला नागपंचमी होती, सुट्टीही होती. सणाच्या तोंडावर एटीएम बंद म्हटल्यावर शाखांपुढे गर्दी उसळेल अशी भीती होती. पण बँक कोलमडली नाही. हजारो कोटींच्या ठेवी असलेल्या बँकेला ९४ कोटींचा घाव खोल होता, जीवघेणा नव्हता.

इथे जरा थांबून एक तुलना करावीशी वाटते. साधारण वर्षभरानंतर, सप्टेंबर २०१९ मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची मुभा राहिली. तिथे उत्तर कोरियातून कुणी आलं नव्हतं. एका बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जं हजारो बनावट खात्यांआड लपवल्याचा आरोप बँकेच्याच वरिष्ठांवर होता. परदेशी चोरांनी लुटलेली बँक काही दिवसांत उभी राहिली आणि आतल्यांनी पोखरलेली बँक शेवटी दुसऱ्या बँकेत विलीन झाली. सायबर सुरक्षेवर बोलताना हे विसरलं जातं.

तपास दोन टोकांनी चालला. एक टोक अगदी जवळचं होतं. देशातल्या अडीच कोटींपैकी जवळपास ९० लाख एकट्या कोल्हापुरातून निघाले होते. महाराष्ट्र सायबरचे प्रमुख ब्रिजेश सिंह यांच्या देखरेखीखाली विशेष पथक कामाला लागलं. जगातला अत्यंत आधुनिक गुन्हा, पण तो उकलायची पद्धत जुनीच: एटीएमच्या कॅमेऱ्यांची चित्रणं तासन्‌तास पाहायची, त्या वेळी त्या टॉवरखाली कोणते मोबाइल होते ते काढायचं, आणि मग दोन याद्यांमधली समान नावं शोधायची. पडद्यावर एकच माणूस एकामागून एक कार्ड घालताना दिसे. नोटा पिशवीत भरताना दिसे. सप्टेंबरपासून अटका सुरू झाल्या.

पकडलेले कोण होते? बीबीसीने नंतर या प्रकरणावर केलेल्या वार्तांकनात त्यांची यादी येते: हॉटेलातला वेटर, ड्रायव्हर, चपला शिवणारा, औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतलेला एक जण. काहींना म्हणे सिनेमात छोटी भूमिका आहे असं सांगून आणलं होतं. कॅमेरा चालू आहे, तू फक्त जाऊन पैसे काढायचेस. आपण काहीतरी वावगं करतोय हे त्यांना कळत होतं, असं पोलिसांचं मत. पण ते कुणासाठी राबत होते हे त्यांना कळलं असेल का? मला नाही वाटत. त्यांच्या वरचा माणूस त्यांना ठाऊक, त्याच्या वरचा त्याला ठाऊक, आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीनंतर सगळा अंधार. चोरीचं जाळंही बँकेच्या जाळ्यासारखंच बांधलं होतं. प्रत्येक यंत्राला फक्त शेजारच्या यंत्राशी बोलता येतं.

दुसरं टोक लांबचं. ऑक्टोबर २०१८ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारी यंत्रणांनी ‘फास्टकॅश’ नावाने या पद्धतीचा तपशील जाहीर केला आणि ती उत्तर कोरियाच्या नावावर मांडली. बँकेच्या स्विचवर ताबा मिळवायचा आणि खोट्या मंजुऱ्या पाठवायच्या, हेच तिचं सूत्र. मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने उत्तर कोरियाने निर्बंध कसे चुकवले याचा अहवाल दिला, आणि क्षेपणास्त्रं, कोळशाची जहाजं यांच्या सोबतीला त्यात पुण्याच्या सहकारी बँकेचं नाव आलं. १९०६ साली बँक काढणाऱ्या पुणेकरांनी आपलं नाव कुठल्या कागदपत्रांत येईल याच्या अनेक कल्पना केल्या असतील. ही त्यांत नसणार.

रिझर्व्ह बँकही हलली. तसं व्यापारी बँकांसाठी तिने सायबर सुरक्षेची चौकट जून २०१६ मध्येच घालून दिली होती. नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत नियम आले ते १९ ऑक्टोबर २०१८ ला, कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी. मग ३१ डिसेंबर २०१९ ला सविस्तर चौकट आली आणि तिने सहकारी बँकांचे चार स्तर पाडले. जितके डिजिटल दरवाजे जास्त, तितकी राखण कडक. स्वतःचा एटीएम स्विच आणि स्विफ्ट, दोन्ही असलेल्या बँका सर्वांत वरच्या स्तरात, आणि त्यांच्यावर चोवीस तास नजर ठेवणारं केंद्र उभारण्याचं बंधन. हे दोन दरवाजे कोणते, ते वाचकाला सांगायला नको. शनिवारचा आणि सोमवारचा.

मॅग्नेटिक पट्टीची कार्डं २०१८ संपेपर्यंत बदलून चिपवाली द्यायची, असा आदेश आधीपासूनच होता. चिप प्रत्येक व्यवहाराला नवी खूण तयार करते, तिची नक्कल करणं सोपं नाही. म्हणजे चोरांना मुदत ठाऊक असणार. जुनी कार्डं चालायची शेवटची काही महिन्यांची सवलत त्यांनी वापरून घेतली, असं म्हणायला जागा आहे.

लहान बँकांना हे सगळं परवडणारं नव्हतं. एका तालुक्यात पाच-सात शाखा असलेल्या बँकेने सुरक्षातज्ज्ञ कुठून आणायचा? पुण्यात हिंजवडीला त्याला जो पगार मिळतो, तो इथल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यालाही नसतो. त्यामुळे बऱ्याच बँकांनी स्विच दुसऱ्याकडून सेवेसारखा घेतला आणि नियम पाळण्याचा भार त्या कंपन्यांवर गेला. एका अर्थी ठीक, दुसऱ्या अर्थी अनेक गावांचा मिळून एकच नाका झाला. ३१ जुलै २०२४ ला त्याचा अनुभवही आला. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला आणि राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला किरकोळ पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं. देशभरातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांचे ग्राहक एका झटक्यात अडले. दुसऱ्या दिवशी यंत्रणा पूर्ववत झाली. पण गावातल्या बँकेच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला, आपलं काम का थांबलंय ते समजावून सांगता येत नव्हतं.

चोरांनीही मधल्या काळात वाट बदलली. बँकेचा स्विच फोडायला महिने लागतात. त्यापेक्षा खातेदारालाच ‘हो’ म्हणायला लावणं स्वस्त पडतं. ओटीपी विचारणारा फोन, वीजबिल थकल्याचा मेसेज, व्हिडिओ कॉलवरचा नकली पोलिस आणि त्याची ‘डिजिटल अटक’. २००५ ची पुण्यातली गोड बोलायची विद्या फिरून आली, या वेळी उलट्या दिशेने. डिंगोऱ्यासारख्या गावात चहाच्या टपरीवर क्यूआर कोड आहे आणि शेजारी बोलका डबा. तो ‘रुपये प्राप्त झाले’ असं मोठ्याने ओरडतो. त्याची सोय वाटते, पण गंमत अशी, की पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारी गिऱ्हाइकं वाढल्यावर त्याची खरी किंमत कळली. टपरीवाल्याला ग्राहकाचा शब्द पुरत नाही, तो बँकेचा ‘हो’ स्वतःच्या कानाने ऐकतो. कॉसमॉसच्या चोरीवेळी नेमकी हीच एक गोष्ट कुणी करत नव्हतं.

फसलेल्या माणसाने लगेच फोन करावा म्हणून सरकारने २०२१ मध्ये मदत क्रमांक सुरू केला, आता तो १९३० आहे. पैसा खात्यातून खात्यात पळत असताना वाटेत गोठवायचा, ही कल्पना. पहिल्या तासाभरात कळवलं तर काही हाती लागतं. रात्र गेली तर रक्कम पाच-सहा भाड्याच्या खात्यांतून फिरून गेलेली असते. ‘भाड्याच्या’ हा शब्द जाणून वापरला. दोन-चार हजारांसाठी आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करणारी पोरं आता तालुक्या-तालुक्यात आहेत. कोल्हापुरातल्या त्या ‘सिनेमातल्या’ नटांचे हे धाकटे भाऊ.

कॉसमॉसच्या पैशांपैकी हाँगकाँगला गेलेल्या रकमेतला काही भाग गोठवता आला आणि सुमारे पावणेसहा कोटी पुढे परत आले. एटीएममधून निघालेली रोकड मात्र २८ देशांत विरून गेली.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने निकाल दिला. अटक केलेल्या १८ जणांपैकी ११ जण दोषी ठरले. नऊ जणांना चार वर्षांची, दोघांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या वरच्या पायरीवरचा एक जण अमेरिकेत सापडला होता: कॅनडातल्या मिसिसॉगाचा घालेब अलाउमरी. २०१८ मध्ये एका भारतीय बँकेतून एटीएममार्गे उपसलेला पैसा जिरवण्यासाठी माणसं जमवल्याचं त्याच्या प्रकरणात पुढे आलं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याला ११ वर्षं ८ महिन्यांची कैद झाली. सर्वांत वरच्या पायरीवर अमेरिकेने उत्तर कोरियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातल्या तिघांना आरोपी केलं. त्यातला पार्क जिन ह्योक याच्यावरचे पहिले आरोप ६ सप्टेंबर २०१८ ला, कॉसमॉसनंतर महिनाही उलटायच्या आत, जाहीर झाले होते. त्याचं छायाचित्र एफबीआयच्या ‘हवे आहेत’ यादीत आहे. तपकिरी सूट, काळा शर्ट, नीट विंचरलेले केस. कुठल्याही बँकेच्या काउंटरवर तो उभा राहिला असता, तर कॅशियरने त्याला ‘बसा’ म्हटलं असतं.